आत्याबाईचा काळा खूर

गवतात पडलेला नाल डोळ्यांनी शोधायचा नसतो, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून तर तो भल्या सकाळी सरावाच्या मैदानावर गुडघे टेकून, नाक जमिनीला लावून, ओल्या गवतातून रांगत होता. त्याच्या मागे एक तपकिरी घोडी उभी होती आणि घरच्या नोकराला काडीची अक्कल नाही अशा नजरेनं त्याच्याकडे बघत होती. धुकं इतकं दाट होतं की पलीकडचं कुंपणही दिसत नव्हतं. त्या धुक्यातून ती आली, खांद्यावर हत्यारांची पिशवी घेऊन, आणि त्याच्या डोक्याशी येऊन थांबली.

"काय हरवलंय?"

"नाल..." तो वर न बघताच म्हणाला. "पुढच्या उजव्या पायाचा. आत्ता होता हो, आत्ता —"

"घोडीचा की तुमचा?"

आता त्यानं मान वर केली. लहानखुरा, काटक, भुवईला चिखल लागलेला. तिला बघून त्यानं चिखल पुसायला हात वर नेला आणि होता त्याच्या दुप्पट केला.

"मला अजून कोणी ठोकलेला नाही," तो म्हणाला. "बघा, तुमचा विचार असेल तर..."

तिनं पिशवीतून लांब लोखंडी कानस काढली आणि गवतातून ओढत चालायला लागली. गवत सळसळत राहिलं. मग एका ठिकाणी टिंग असा आवाज झाला. तिनं वाकून नाल उचलला, त्याला अडकलेले वाकडे खिळे त्याच्या नाकासमोर धरले.

"कानांनी शोधायचा असतो. आणि शोधायचाच असतो, नाहीतर पुढच्या घोड्याच्या पायात हे खिळे जातात. कळलं?"

"कळलं," तो उठून उभा राहत म्हणाला. "आता फक्त नालबंदांना बोलवायचंय. ट्रेनरसाहेब म्हणाले, ते आल्याशिवाय घोडीला पाऊल टाकू देऊ नकोस."

"मग आलेत ना."

त्यानं तिच्या मागे पाहिलं. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. धुक्यात दुसरं कोणी नव्हतं. तोवर तिनं घोडीचा पाय उचलून आपल्या मांड्यांत धरलाही होता. तो नुसता बघत राहिला... आणि घोडीनं तेवढ्यात त्याच्या शर्टाची बाही चावली.

अशी ही ओळख झाली. आता घोड्यांचा तबेला ही काही प्रेमात पडायची जागा नव्हे. तिथे लीद असते, माशा असतात, घामाचा आणि जळक्या खुराचा वास असतो, आणि सगळ्यांना सगळ्यांच्या भानगडी माहीत असतात. पण माणसं जिथे असतील तिथेच प्रेमात पडतात, त्याला कोण काय करणार!

ती नालबंदाची मुलगी. बाप जन्मभर घोड्यांच्या पायाशी वाकला आणि शेवटी त्याच्या कमरेनं हात टेकले. आता तो शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचा, सुऱ्यांना धार लावायचा आणि लेकीच्या कामावर डोळा ठेवायचा. लहानपणापासून ती त्याच्या शेजारी बसून एकेक खिळा चिमटीत धरून त्याला द्यायची, म्हणून तबेल्यानं तिचं नावच चिमटी ठेवलं होतं. तो नव्यानं आलेला जॉकी. वजन वाढू नये म्हणून सदा अर्धपोटी, तर मोतद्दारकाकांनी, म्हणजे घोडीची देखभाल करणाऱ्या म्हाताऱ्यानं, पहिल्याच दिवशी त्याला 'पावशेर' करून टाकलं. आणि घोडीचं कागदावरचं नाव भलं मोठं आणि इंग्रजी असलं तरी तिला सगळे म्हणायचे आत्याबाई. कारण तिला कोणाचंच काही पसंत पडत नसे. गवत ओलं, पाणी गार, माणूस उशिरा आला... लगेच कान मागे. तिचा पुढचा डावा पाय पांढऱ्या मोज्याचा, त्याचा खूरही फिका. उजवा मात्र पार काळाकुळकुळीत.

त्या दिवसानंतर पावशेरला शेडमध्ये फार कामं निघायला लागली. रिकिबीची पट्टी सैल झाली, लगामाची कडी वाजतेय, बुटाला खिळा हवाय. बादली पालथी घालून बसायचा आणि तिचं काम बघायचा.

"तुला दुसरं काही नाही का?" ती विचारायची. 'तुम्ही' कधीच मागे पडलं होतं.

"आहे ना. पण तिथे तू नाहीस."

"बाबा ऐकतायत."

"ऐकू दे की. काका, मी काही वाईट बोललो का?"

"मला दगडाचा आवाज येतोय," बाप धार लावता लावता म्हणायचा. "बाकी काही नाही."

नाल ठोकताना ती खिळे ओठांत धरायची. सगळेच नालबंद धरतात. दोन्ही हात गुंतलेले, तोंडात खिळे, म्हणजे तिला बोलता येत नसे, आणि हे पावशेरनं चांगलंच हेरलं होतं. मनातलं जे काही असेल ते तो नेमकं तेव्हाच विचारायचा.

"काल निळी ओढणी होती ती माझ्यासाठी होती ना?"

"हूं!" म्हणजे चूप बस.

"हूं म्हणजे हो. मी दिवसभर तुझा विचार करतो, हे तुला कळतं ना?"

"हूं हूं!"

"दोनदा हो! काका, तुम्ही साक्षीला आहात."

मग ती शेवटचा खिळा ठोकून मोकळी व्हायची आणि कानस घेऊन त्याच्या मागे धावायची. तो हसत पळायचा. तिच्या ओठांवर लोखंडाची चव असायची आणि कान तापलेले असायचे. खिळे काढून एकदा तरी सरळ उत्तर द्यावं असं तिच्या मनात रोज यायचं. पण उद्या आहेच की, असं म्हणून ती ते रोज पुढे ढकलायची. माणूस रोज समोर येऊन बसतो तेव्हा घाई वाटत नाही.

मोसमाची मोठी शर्यत जवळ आली तशी तबेल्याची झोप उडाली. आत्याबाई जोरात होती. तिच्या पाठीवर पावशेर नुसता चिकटून बसायचा, चाबूक वापरायचाच नाही. तिच्या कानात काहीतरी पुटपुटायचा आणि ती बाई, जी कोणाचं ऐकत नसे, त्याचं ऐकायची. दूरच्या शहरातल्या एका बड्या तबेल्याचा मालक दोन वेळा सराव बघून गेला. जाताना ट्रेनरसाहेबांपाशी बोलून गेला. शर्यतीत या पोराचं काम बघतो, आवडलं तर पुढच्या मोसमापासून माझ्याकडे.

ही बातमी त्यानं तिला शर्यतीच्या आदल्या दिवशी सांगितली. आणि कधी सांगितली? तर तोंडात खिळे असताना.

त्या दिवशी नाल बदलायचे असतात. सरावाचे पोलादी नाल जड, ते काढायचे आणि हलके, पातळ, ॲल्युमिनियमचे नाल बसवायचे. काम नाजूक. खिळा खुराच्या भिंतीतून तिरका बाहेर यायला हवा. किंचित आत गेला तर जिवंत भागाला लागतो, आणि मग घोडा त्या दिवशी नाही तरी दुसऱ्या दिवशी लंगडतो. हे कळतं ते हातोड्याच्या आवाजावरून. खिळा बरोबर जात असेल तर आवाज टणक येतो. आवाज बोदा झाला की थांबायचं.

ती काळ्या खुरावर वाकली होती. तीन पाय झाले होते, हा शेवटचा.

"तो मालक मला नेणार म्हणतोय," पावशेर म्हणाला. आज आवाजात थट्टा नव्हती. "जिंकलो तर."

हातोडा थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"लांब आहे ते. म्हणजे रोज येऊन बादलीवर बसता येणार नाही." तो हसला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "चिमटे... मी गेलो तर तुला चालेल?"

हातोडा खिळ्यावर पडला. आवाज कसा आला ते तिला ऐकूच आलं नाही. आत्याबाईनं पाय थोडा ओढला, पण ती काय, माशी बसली तरी ओढायची. चिमटीच्या ओठांत दोन खिळे होते. ते काढून ठेवायला कितीसा वेळ लागतो? तिनं ते काढले नाहीत. खाली बघत राहिली.

"हूं," ती म्हणाली.

"हूं म्हणजे हो?"

तिनं मान हलवली नाही. तो थोडा वेळ वाट बघत बसला, मग उठला, बादली सरळ करून ठेवली आणि गेला. मागे बापानं धार लावायची थांबवली होती, एवढं तिच्या लक्षात आलं.

त्या रात्री तिला दोन गोष्टींनी छळलं. एक म्हणजे तो खिळा. दुसरी म्हणजे तो जाणार. कुशीवर वळलं की एक, पाठीवर झालं की दुसरी.

शर्यतीच्या सकाळी आकाश धुऊन काढल्यासारखं लख्ख होतं. इतके दिवस तबेल्याला जणू धुक्यातच जगायची सवय झाली होती. आज ऊन आलं आणि सगळ्यांनाच बरं वाटलं. मोतद्दारकाकांनी आत्याबाईच्या दारावरची फळी काढून नुसत्या दोन आडव्या दांड्या लावल्या होत्या, म्हणजे तिलाही जरा ऊन खाता यावं.

त्या तबेल्यात एक शिरस्ता होता. शर्यतीच्या सकाळी नालबंदानं प्रत्येक खुरावर हात ठेवायचा आणि घोडा धावेल की नाही ते सांगायचं. त्याच्या शब्दापुढे कोणी जायचं नाही, खुद्द ट्रेनरसाहेबसुद्धा. ते एकदा गेले होते. तेव्हाच्या नालबंदाला उडवून लावून त्यांनी घोडा धाववला होता आणि घोडा वळणावर पडला होता. पाठीवरच्या जॉकीचं काय झालं ते साहेब कधी बोलत नसत. या मोसमापासून हात चिमटीचा होता. "तिचा हात म्हणजे माझा हात," बापानं साहेबांना सांगितलं होतं, आणि साहेबांनी ते मान्य केलं होतं.

ती वाकली. मागचे दोन्ही खूर गार. पुढचा डावा, फिका, गार. मग तिनं काळ्या खुरावर तळवा ठेवला.

गरम.

 तो खिळा! तिनं घोट्याच्या मागे बोट लावलं. खुरात दुखत असलं की तिथली नाडी उडते. नाडी उडत होती. घोडीची की तिच्या स्वतःच्या बोटाची, ते काही तिला कळेना. छाती अशी धडधडत होती की सगळं अंगच ठोके देत होतं. "काका, पाणी!" ती ओरडली. मोतद्दारकाकांनी लगेच नळी आणून पायावर गार पाणी सोडलं. खूर तापला की पहिलं काम तेच.

ट्रेनरसाहेब आले. त्यांच्या मागे पावशेर, अंगात शर्यतीचा पिवळा सदरा, हातात खोगीर. साहेबांनी खुरावर हात ठेवला, पण तो आता पाण्यानं गारठला होता. मग घोडीला बाहेर काढून चालवलं. थोडं दुडक्या चालीनं पळवलं. आत्याबाई सरळ गेली आणि सरळ आली. कुठे झोल नाही, मान खाली जात नाही.

"चालतेय तर चांगली," साहेब म्हणाले. रागावले नव्हते, विचारत होते. "पण तू सांग. धावू दे की नको?"

घोडी सरळ चालली होती हे चिमटीनं पाहिलं होतं. अगदी नीट पाहिलं होतं. आणि तिनं पिवळ्या सदऱ्याकडेही पाहिलं. तो तिच्याकडे बघत होता, भुवया जरा वर, ओठ घट्ट. एवढा सुंदर तो तिला कधी दिसला नव्हता. संध्याकाळपर्यंत तो दुसऱ्या कोणाचा तरी झाला असता.

"नको," ती म्हणाली.

 मोतद्दारकाकांनी डोक्याला हात लावला. साहेबांनी एक मोठा श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि त्यांच्या आधी पावशेरच बोलला.

"तिनं नको म्हटलं ना साहेब. मग नको." हातातलं खोगीर त्यानं भिंतीवरच्या खुंटीवर अडकवलं. "चिमटीच्या हाताला जाणवलं असेल तर असणारच काहीतरी."

तिच्याकडे बघून तो हसलासुद्धा. त्या हसण्यानं तिला आधार वाटायला हवा होता. पण तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

दुपारी शर्यत झाली. आत्याबाईविना झाली. कुंपणाला टेकून दोघांनी ती पाहिली. दुसराच घोडा जिंकला, दुसराच जॉकी मालकाच्या गळ्यात पडला, आणि बड्या तबेल्याच्या त्या मालकानं त्याची पाठ थोपटली ती दोघांना स्पष्ट दिसली. 

"चला," शेवटी पावशेर म्हणाला. "निदान आज पोटभर जेवता येईल. कित्येक दिवसांत जेवलो नाही गं." आणि मग तो दुसरीकडे बघायला लागला, कारण त्याचे डोळे भरले होते आणि ते तिला दिसू नयेत असं त्याला वाटत होतं.

घोड्यांच्या डॉक्टरांनी संध्याकाळी खूर चिमट्यानं दाबून पाहिला. काही सापडलं नाही. "थोडा मार बसला असेल, उतरला असेल," ते म्हणाले. "धाववलं नाहीत ते बरंच केलंत." चिमटीनं नाल काढला. एकेक खिळा उजेडात धरला. आतल्या मांसाला लागलेला खिळा ओलसर, काळपट निघतो. हे सगळे कोरडे, चकचकीत निघाले. सगळ्यांनी तिलाच शाबासकी दिली. साहेबांनीही दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यानं राहवेना. ती आत्याबाईकडे गेली. आजही ऊन लख्ख होतं. घोडी दारातल्या दांड्यांना छाती लावून उभी होती. आपल्या नेहमीच्या ऐटीत, उजवा पाय पुढे आणि डावा मागे. दाराच्या चौकटीची सावली डाव्या पायावर होती. ऊन मात्र दांड्यांखालून तिरकं येऊन बरोबर काळ्या खुरावर पडलं होतं.

चिमटीनं वाकून त्यावर तळवा ठेवला. गरम! हे तिला माहीत होतं! ती पोरवयाची असल्यापासून बाप सांगत आला होता, उन्हाच्या दिवशी घोडा आधी सावलीत घ्यायचा, जरा थांबायचं, मगच खुराला हात लावायचा. काळा खूर तर तव्यासारखा तापतो. मोसमभर धुकं, म्हणून ती हे विसरली... विसरली? साहेबांनी विचारलं तेव्हा घोडी सरळ चालली होती. तेव्हा ती काय विसरली होती?

"इथे आहेस होय!" मागून आवाज आला. "शेडभर शोधलं तुला. कानांनीसुद्धा शोधलं."

पावशेर दारात उभा होता. केस ओले, विंचरलेले. धुतलेला शर्ट. हातात टोपी, आणि ती टोपी तो उगाच फिरवत होता. आज तिच्या तोंडात खिळे नव्हते म्हणून की काय, त्यालाच बोलायला जड जात होतं.

"रात्रभर विचार केला," तो म्हणाला. "आधी फार वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू. मग वाटलं, की... बरंच झालं. लांब जाऊन मी काय करणार होतो? इथे साहेब आहेत, आत्याबाई आहे, आणि... म्हणजे मुख्य म्हणजे..." त्यानं घसा साफ केला. "तुझ्या बाबांशी बोलू का मी? आज? तू हूं म्हटलंस तरी मी हो समजेन."

हेच ऐकायला तिचे कान किती दिवस आसुसले होते! हसून मान खाली घातली असती तरी पुरलं असतं. कोणालाच काही कळलं नसतं. डॉक्टर म्हणाले होते, मार बसला असेल, उतरला असेल. तो इथेच राहिला असता, जन्मभर.

"थांब," ती म्हणाली. "आधी इथे हात लाव."

त्यानं वाकून काळ्या खुरावर हात ठेवला. "अगं, अजून गरम आहे! डॉक्टर तर म्हणाले —"

"आता तिला आत घे."

त्यानं आत्याबाईला मागे, सावलीत घेतलं. दोघं भिंतीला टेकून उभी राहिली.  घोडीनं गवताच्या जाळीतून चार काड्या ओढल्या, चघळल्या, आणखी ओढल्या.

"आता लाव."

त्यानं हात लावला. बराच वेळ तसाच ठेवला. दुसऱ्या खुरालाही लावला. मग दारातल्या उन्हाच्या पट्ट्याकडे त्याची नजर गेली.

"म्हणजे काल..."

"काल पण ऊन होतं." तिचे डोळे वाहायला लागले होते.

आणि तो हसला! तिला वाटलं होतं तो ओरडेल, निघून जाईल. तो चक्क हसला, कसंनुसं का होईना.

"एवढंच ना? अगं, चूक झाली. मी किती वेळा घोड्यावरून पडलोय, तेव्हा कोणी मला फाशी दिलं का? रडू नकोस. माझी शपथ, मी कोणाला —"

"नुसती चूक असती तर मी रडले नसते," ती म्हणाली. "साहेबांनी मला विचारलं तेव्हा ती सरळ चालली होती. मी बघितलं होतं. तरी नको म्हणाले."

टोपी फिरायची थांबली.

"पाय बरा आहे हे तुला माहीत होतं?"

"नाही. माहीत नव्हतं."

"मग दुखत होता असं वाटलं तुला?"

"हो... नाही. मला सांगता येत नाही रे. दुखत असेल असं वाटलं, की दुखत असावा असं मला हवं होतं... ते मलाच कळत नाहीये. कालपासून मी तेच शोधतेय."

"तुला कशाला हवं असेल?"

त्यानं हे इतक्या हळू विचारलं, की ते रागाचं बोलणं नव्हतंच. तो थांबला होता. उत्तर त्याला ठाऊक होतं, फक्त तिच्या तोंडून हवं होतं. आणि तिला ते द्यायचं होतं. अगदी ओठांपर्यंत आलं होतं. पण आता ते बोलणं म्हणजे त्याची शर्यत घालवायची आणि वर माफी पदरात पाडून घ्यायची, असं तिला वाटलं. तुझ्यासाठीच केलं म्हणायचं कोणत्या तोंडानं? तिनं खालचा ओठ दातांत धरला आणि आत्याबाईच्या आयाळीतली गाठ सोडवत बसली. गाठ नव्हतीच तिथे.

"मी तुझ्या एका शब्दावर खोगीर उतरवलं," तो म्हणाला. "शर्यत गेली त्याचं सोड. शर्यती येतात. पण मी घोड्यावर बसतो ते तुझ्या हातावर विश्वास ठेवून बसतो, चिमटे. माझा जीव असतो त्यावर. पुढच्या वेळी तू नको म्हणालीस, तर मी काय समजायचं? आणि हो म्हणालीस, तर?"

तिनं आयाळीतून हात काढून घेतला.

"तू सांगितलं नसतंस तर मी राहिलो असतो," तो म्हणाला.  "तुझ्या बाबांशी बोललो असतो आज."

"म्हणूनच सांगितलं."

त्यानं मान हलवली. टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. आत्याबाईच्या कपाळावर कपाळ टेकवून थोडा वेळ उभा राहिला. तिनं त्याची बाही चावली नाही.

त्यानं कोणाला काहीच सांगितलं नाही. साहेबांना सांगितलं ते चिमटीनं, दुपारी, त्यांच्या टेबलासमोर उभं राहून. खूर उन्हात होता हे सांगितलं, आणि तरी नको म्हणाले तेही सांगितलं. ते खूप बोलले. शेवटी म्हणाले की एक मोसमभर शर्यतीच्या सकाळचा हात बापाचाच असेल, त्याला खुर्चीसकट उचलून आणावं लागलं तरी. ती हो म्हणाली. त्यापेक्षा कमी काही झालं असतं तर तिला ते सोसलं नसतं.

आठवड्याच्या आतच तो गेला. बड्या मालकाकडे नव्हे, ती संधी गेलीच होती. कुठल्याशा लहान मैदानावर, जिथे घोडे म्हातारे आणि शर्यती किरकोळ. घोडे नेणाऱ्या ट्रकमध्ये चालकाशेजारी बसून गेला. ट्रक फाटकाशी आला तेव्हा ती शेडमध्ये एका शिंगराचा पाय मांडीत धरून बसली होती. तिला इंजिनाचा आवाज ऐकू आला. पाय सोडून धावत जाता आलं असतं. शिंगरू काही पळून जात नव्हतं. पण तिनं कानस फिरवत ठेवली. फाटक उघडलं, फाटक लागलं, आवाज रस्त्याला लागला आणि मग इतर आवाजांत मिसळून गेला.

तेव्हा कुठे तिनं पाय खाली ठेवला. हात झटकले. आणि एवढी धीट, एवढी फटकळ पोर, बापाच्या खुर्चीशी जमिनीवर बसली आणि त्याच्या गुडघ्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडली. बापानं सुरी बाजूला ठेवली. खरखरीत हात तिच्या केसांवर ठेवला.

"बाबा, मला तो हवा होता हो," ती म्हणाली. असं सरळ, मोठ्यानं, ती पहिल्यांदाच बोलत होती. "फार हवा होता."

बापानं रस्त्याकडे पाहिलं.

"त्याला सांगितलंस का हे?"

तिनं गुडघ्यावरचं डोकं नुसतंच हलवलं.

"नाही," ती म्हणाली. "बाकी सगळं सांगितलं."